पाचाच्या वर नको

शेवटच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बांबू सोलत बसलो होतो. मी कोयत्याने पट्ट्या काढत होतो, ती चाकूने तासून गुळगुळीत करत होती. मग तिने सुक्या बोंबलाचं कालवण केलं. तिखट जास्त पडलं म्हणून मी कुरकुरलो. ती म्हणाली, "उद्या तूच रांध." जेवलो, झोपलो.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. दहाव्याला आलेल्यांना मी एवढंच सांगितलं. पुढचं नाही सांगितलं — आणि मागचं तर नाहीच. पोटच्या मुलीलासुद्धा नाही. मी तिसरी शिकलेला माणूस, लिहायला वेळ लागतो. पण तोंडाने हे निघत नाही, म्हणून लिहितो.

बायकोचं नाव सुकरी. माहेर पोशेऱ्याचं. टोपल्या, सुपं, दिव्यावर घालायच्या जाळ्या — हात चालायचा तिचा. बापाने शिकवलं होतं. त्यांच्या घरात एक रीत होती. ज्याने टोपली सुरू केली त्यानेच तिचा काठ बांधायचा. दुसऱ्याने बांधला तर ती टोपली बाहेर द्यायची नाही, घरात ठेवायची. उभ्या जन्मात तिने मला काठाला हात लावू दिला नाही. मी पट्ट्या काढायचो. बस.

आमच्या दाभोशाला धबधबा बघायला येणारे लोक एखादी टोपली घ्यायचे. मग ठाण्याची एक मुलगी जव्हारला आली. गावात मोबाईल नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. एका खोलीत कॉम्प्युटर ठेवून ती आमच्या वस्तू इंटरनेटवर विकायची. वर्षभर काही खपेना. का खपेना ते तिने आम्हा दोघांना बोलावून दाखवलं. टोपली पाहिजे तर नाव, पत्ता, फोन भरा. सूपही पाहिजे तर पुन्हा पहिल्यापासून नाव, पत्ता, फोन. माणूस कंटाळतो, एक घेतो नि जातो. आता ती नवं पान करत होती. सगळ्या वस्तूंचे फोटो एकाखाली एक, फोटोसमोर चौकोन. पाहिजे त्या चौकोनात आकडा टाका, नाव-पत्ता शेवटी एकदाच. बाजारात पाल टाकून बसतो तसं — सगळं एकदम समोर, हवं ते उचला. मला ते लगेच कळलं. मुलगी म्हणाली, "काका, तुम्हाला बरोबर समजलं!" मला खुर्ची दिली होती तिने. कॉम्प्युटरच्या शेजारी. सुकरी चटईवर बसली होती.

गावात मला कोण खुर्ची देतो? — हे लक्षात ठेवा. माझ्याकडे दुसरं कारण नाही.

मग मुलीने सुकरीला विचारलं, "मावशी, एका ऑर्डरला एक वस्तू किती देऊ शकाल? तेवढ्यावर मी चौकोन अडवते. त्याच्या वरचा आकडा तो घेणारच नाही."

सुकरीला बाजारापुरती मराठी यायची. ही ठाण्याची भरभर बोली तिला कुठली कळायला? मी आमच्या बोलीत सांगितलं. ती आमच्या बोलीत बोलली, छातीवर हात ठेवून. "तिला सांग, पाचाच्या वर नको. छातीत भरून येतं. भाताच्या आवणीच्या दिवसांत तर बंदच ठेव म्हणावं."

अवघड होतं का ते? जसंच्या तसं सांगायचं होतं. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. मला वाटलं — पाच म्हटलं तर ही दुसऱ्या घरी जाईल. खुर्ची दुसऱ्याला जाईल. पोटासाठी केलं असं म्हणायला आवडलं असतं मला. पण पोट भरत होतं.

मी म्हणालो, "ती म्हणते, कितीही चालतील."

"आणि छातीवर हात ठेवून काय म्हणाल्या?"

"मनापासून करीन म्हणते."

मुलगी खुर्चीवरून उठली, खाली बसली, तिने सुकरीचे दोन्ही हात धरले. सुकरी हसली. तिला वाटलं, पोरीला आपलं दुखणं कळलं. परत येताना जीपमध्ये म्हणाली, "पोर मायाळू आहे रे. लगेच समजून घेतलं तिने."

नवं पान चाललं. फार चाललं. एकच माणूस टोपल्या, सुपं, जाळ्या सगळं एकदम मागवू लागला, आणि आकडे कसले — लग्नात वाटायला असावं तसे. सुकरीने विचारलं, "पाच सांगितलं होतंस ना?" मी म्हणालो, "सांगितलं होतं. ती कॉम्प्युटरची पेटी ऐकत नाही." तेव्हापासून ती पेटीला शिव्या द्यायची. "रांडेला हात नाहीत, म्हणून आकडे फुगतात. एक दिवस आण तिला इथे, पट्ट्या तासायला बसवते." आणि हसायची. मीही हसायचो — कसा हसायचो मी?

मुलगी म्हणाली होती, कधीही फोन करा, एका मिनिटात आकडा बदलते. मोबाईल माझ्याच खिशात होता. चढ चढून रस्त्यावर गेलं की रेंज यायची. रोज जायचो मी रस्त्यावर. आवणीतही चौकोन उघडेच राहिले. ती दिवसभर चिखलात वाकायची, घरी येऊन विणायला बसायची. चढावर झाडाला धरून उभी राहायची. मी पुढून म्हणायचो, "चल लवकर."

त्या शेवटच्या संध्याकाळी एका मोठ्या ऑर्डरचा सगळा माल तयार होता. एका टोपलीचा काठ तेवढा राहिला होता. ती म्हणाली, "सकाळी बांधते."

सकाळी मी उठलो. ती उठली नव्हती. हात लावला. गार होती.

टोपलीकडे बघितलं. जव्हारची पहिली जीप यायची होती. गोधडी तिच्या गळ्यापर्यंत ओढली — कोणी डोकावलं तर झोपलीय वाटावी अशी. मग तिच्या शेजारी बसून मी तो काठ बांधला. वाकडा झाला. एक टोक बाहेर राहिलं, ते मी दाताने तोडलं. माल गोणीत भरला, तोंड शिवलं, डोक्यावर घेऊन चढलो, जीपच्या टपावर टाकला. रस्त्यावर रेंज होती. मुलीला फोन केला, माल निघाला म्हणून. तिने विचारलं, "आणि मावशी कशा आहेत?"

मी म्हणालो, "बरी आहे."

खाली आलो. शेजारच्याचं दार वाजवलं. तो डोळे चोळत बाहेर आला, त्याला म्हणालो, "आत्ताच गेली."