मुशीची पिल्लं

"सर, हे वाक्य मी बदलणार नाही," असं म्हणून रेजिनानं जर्नल माझ्या टेबलावर ठेवलं.

जर्नल म्हणजे वर्षभराच्या प्रॅक्टिकलची वही. तिच्यावर शिक्षकाची सही नसली तर परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा सोमवारी आणि हा शुक्रवार.

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या एका कॉलेजात झूऑलॉजी शिकवायला लागलो, तेव्हाची ही गोष्ट. बीएस्सीची मुलं उंदीर आणि मुशी, म्हणजे आपल्या मासळीबाजारात मिळणारा लहान शार्क, दोन्ही कापून बघायची. मग तुलना लिहायची. उंदराचा सांगाडा हाडांचा, मुशीचा आपल्या कानासारख्या लवचिक कूर्चेचा. उंदराच्या हृदयाला चार कप्पे, मुशीच्या दोन. शेवटची ओळ मी आठवणीतूनच डिक्टेट केली होती: उंदीर पिल्लं घालतो, मुशी अंडी.

रेजिनानं लिहिलं होतं, दोघांनाही पिल्लंच होतात. मी त्यावर फुली मारली होती.

"अगं, मासा आहे तो. अंडीच घालणार ना?"

"मुशी नाही घालत, सर. वर्सोव्याला माझी आय रोज कापते. पोटातून पोरं निघतात."

"मार्क जातील तुझे."

"जाऊ देत. पण खोटं कशाला लिहू?"

सही न घेताच ती निघून गेली.

शनिवारी मी लॅबमध्ये शिरलो, तर विभागप्रमुख सामंत सर आणि रेजिना ट्रेपाशी उभे. ट्रेमध्ये फुगल्या पोटाची ताजी मुशी. रेजिनाच्या आईनं पहाटे मुद्दाम निवडून दिलेली.

"या, तुमचीच वाट बघतोय," सर म्हणाले.

रेजिनानं सराईतपणे पोट कापलं. आत बोटाएवढी पिल्लं, हुबेहूब आईसारखी. प्रत्येकाला नाळ.

"उंदरासारखीच नाळ," सामंत सर म्हणाले. "पुस्तकात आहे हे. वाचलं नाहीत?"

"एमएस्सीला माझा विषय किडे होता, सर."

"पण मुलांचा विषय किडे नाही."

मी तिथेच रेजिनाला सॉरी म्हटलं आणि सही केली.

"मग बाकीच्यांचं काय, सर?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात जिंकल्याचा तोरा नव्हता, खरोखरची काळजी होती.

बाकीची साठ जर्नल्स मी आधीच तपासून, सह्या करून दिली होती. दुपारी सगळ्या वर्गाला वह्यांसकट बोलावलं, चूक माझी आहे असं सांगितलं. मुलं खदाखदा हसली. मग साठही वह्यांत मी स्वतः ती ओळ खोडून नवी लिहिली. संध्याकाळी बोटं वळेनात.

शिक्षक आठवणीवर विसंबला की चूक एकट्याची राहत नाही, अख्ख्या वर्गाची होते.