दादासाहेबी आणि दोनशे चौदा नर

"सही कर, प्रणय. शुक्रवारी पेपर पाठवायचाय."

"एका रबराच्या व्यापाऱ्याचं नाव राहणार आणि माझ्या बापाचं जाणार. असंच ना, ताई? सरळ बोला की!"

"सरळच बोलतेय. तुझा किडा वेगळा नाहीच. तो हॅदर्लीच आहे, फक्त शिंग न फुटलेला."

"शिंग नाही, सहा मिलिमीटरनं लहान, रंग जास्त हिरवा! आणखी कसा वेगळा हवा होता? गळ्यात पाटी लावून?"

"लिंग वेगळं हवं होतं," भावनाताई म्हणाल्या. "दोनशे चौदा तपासली मी. सगळी सारखी."

नेमके त्याच वेळी विभागाचे प्रमुख कॉफीचा मग घेऊन शेजारून गेले, दोघांकडे बघून प्रेमानं हसले आणि "लव्हली मॉर्निंग" म्हणून निघून गेले. केंब्रिजच्या म्युझियममध्ये मराठीत भांडण्याचा हा एक मोठा फायदा आहे.

भावना रामटेके, वय एक्कावन्न, मूळ नागपूर, हुद्दा कलेक्शन असिस्टंट. म्हणजे मेलेल्या किड्यांना टाचण्या मारणं, लेबलं लावणं आणि डॉक्टर झालेल्या लोकांनी उघडे टाकलेले ड्रॉवर बंद करणं. झूऑलॉजीची बी.एस्सी. पदरात घेऊन त्या लग्नानंतर इकडे आल्या, तेव्हा त्या पदवीचा उपयोग एवढाच झाला, की सुपरमार्केटच्या टिलवर, म्हणजे बिलाच्या काउंटरवर, बसून कोणतं कोलंबीचं पाकीट शिळं आहे ते त्यांना न उघडता कळायचं. सहा वर्षं टिलवर काढली. मग म्युझियमला बारीक अक्षरात लेबलं लिहायला व्हॉलंटियर हवेत असं लायब्ररीत वाचलं आणि तांदूळ निवडता निवडता शेजारणीचं सगळं ऐकणाऱ्या या बाईला आपलं खरं काम सापडलं. बघणं. एका जागी बसून, तासन् तास, बारीक बघणं.

बीटलचा खरा दाखला शिंगात नसतो, पोटात असतो. नराला कोमट पाण्यात भिजवायचं, वाकड्या टाचणीनं आतला अवयव बाहेर काढायचा, भिजवलेल्या बदामाचं साल निघावं तसा तो अलगद सुटायला हवा. मग मायक्रोस्कोपखाली त्याचा आकार बघायचा. ज्याचा आकार वेगळा, ती स्पीशीज, म्हणजे प्रजाती, वेगळी. भावनाताईंच्या हाताला हे असं बसलंय, की एडिनबऱ्याचे प्रोफेसर स्वतःचे नर पोस्टानं यांच्याकडे पाठवतात. "तू दिवसभर नक्की करतेस काय?" असं एकदा नवऱ्यानं विचारलं होतं. त्यांनी सविस्तर सांगितलं. पुन्हा त्यानं विचारलं नाही.

एकोणीस वर्षांत त्यांचं नाव तीस-एक पेपरांत आलं, पण सगळ्यात शेवटी, आभारांत, फोटोकॉपी मशीनच्या आसपास. हा पेपर पहिलाच, ज्यात त्यांचं नाव पहिलं होतं.

आणि तो पेपर म्हणत होता, की डॉक्टर प्रणय गजभिये चुकला.

प्रणयही नागपूरचाच. सात वर्षांपूर्वी बोलिव्हियाच्या जंगलात त्याच्या एका सापळ्यात तीन हिरवे बीटल पडले होते, तिन्ही नर, तिन्ही बिनशिंगी. तिघांवर त्यानं नवी स्पीशीज जाहीर केली आणि वडिलांच्या नावावरून तिचं नाव ठेवलं, दादासाहेबी. नागपुरात इंदोऱ्याच्या चौकात फ्लेक्स लागला. त्यावर डावीकडे दादासाहेब गजभिये, एसटी वर्कशॉपमधले निवृत्त मेकॅनिक, उजवीकडे बीटल, दोघंही एकाच मापाचे. खाली 'विज्ञानाच्या इतिहासात अजरामर'.

पुढे त्या तीन नमुन्यांच्या टाचण्या गंजल्या म्हणून प्रणयनंच ते भावनाताईंना नीट करायला दिले. कोणाच्याही हाती मायक्रोस्कोप देऊन बघू नको म्हणता येत नाही. ताईंनी बघितलं. मग दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत बघितलं. बोलिव्हिया, पेरू, ब्राझीलमधून उसने नमुने मागवले. ते मात्र प्रणयच्या नावावर आले, कारण असिस्टंटला कोणी दोनशे किडे उसने देत नाही. त्यामुळे आता त्याच्या सहीशिवाय पेपर जाऊ शकत नव्हता.

"आज तरी गप्प बसा," प्रणय घड्याळाकडे बघत म्हणाला. "बाबा अकराला येतायत. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेत, त्यातले पाच महिने म्हणतायत, माझा किडा दाखव."

"मी आपणहून काही बोलणार नाही."

"थँक यू, ताई."

"पण त्यांनी विचारलं, तर खोटंही बोलणार नाही. विहारात शेजारी बसून पंचशील म्हणतोस ना माझ्या? चौथं शील कोणतं?"

"पहिलं हत्या न करण्याचं आहे. तुम्ही दोनशे चौदा किडे फाडलेत!"

"मेलेले मिळाले मला. तीन तर तूच मारलेस."

दादासाहेब अकराला पाच मिनिटं असतानाच आले. सूट, टाय, निळा मफलर. स्वतःच्या किड्याला भेटायचं म्हणून दाढीही केली होती आणि हनुवटीवर कापूनही घेतलं होतं.

"जय भीम, काका. मी भावना."

"जय भीम, पोरी. आपल्या नागपूरची काय? मंग बरं हाय. कुठं हाय तो?"

प्रणयनं ड्रॉवर ओढला. काचेखाली एकटी टाचणी, टाचणीवर हिरवा ठिपका, खाली लाल लेबल.

"हा, बाबा. लाल लेबल म्हणजे याच नमुन्यावरून नाव दिलं. जगात एकच."

दादासाहेबांनी वाकून बघितलं. बराच वेळ.

"लहान हाय."

"किडाच आहे, बाबा."

"फ्लेक्सवर मोठा होता."

भावनाताईंनी बीटल मायक्रोस्कोपखाली ठेवला. दादासाहेबांनी आधी उघडा ठेवायचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग एकदम "अगा माय!" म्हणाले. एवढासा जीव आता ताटाएवढा झाला होता. पाठीवर हिरवं तांबं चढवल्यासारखा रंग, कडेला लालसर झाक. पंखांच्या झाकणांवर लांब खोल पन्हळी, एकीशेजारी एक, सात. डोक्याची पुढची कड फावड्यासारखी चपटी.

"बॉडी एक नंबर हाय," दादासाहेब म्हणाले. "डेंट नाही कुठं. हे पुढच्या पायाले दात कायचे?"

"चार दात आहेत, काका. खोदायला."

"काय खोदते?"

"माती, बाबा," प्रणय घाईनं म्हणाला.

भावनाताईंनी छताकडे बघितलं. छताला बघण्यासारखं काही नव्हतं. वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं ज्यानं इंजिनचे खोटे आवाज ऐकले, त्या माणसाला हे लगेच कळलं.

"पोरी, माती खोदते काय हा?"

"माती खोदून त्यात शेण पुरतो, काका. शेणकिडा आहे."

दादासाहेबांनी मायक्रोस्कोपवरून डोकं उचललं. "तू त सोन्याचा भुंगा म्हनला होता बे!"

"सोनेरी म्हणालो होतो."

"मी चौकात भाषन देल्लं! आन् धरला कसा याले?"

"खड्ड्यात डबा पुरून. आमिष ठेवायचं, की ते येऊन पडतात."

"शेनाचं आमिष? जंगलात गाई होत्या?"

प्रणय लाल लेबलाइतका लाल झाला. "गाई नव्हत्या."

"मंग?"

"माणसाचं चांगलं चालतं, बाबा. शास्त्रीय पद्धत आहे."

"कोन्या मानसाचं?"

"जंगलात दुसरं कोण होतं!"

दादासाहेब हसायला लागले. आधी आवाज नव्हता, नुसतेच खांदे हलत होते. मग असा आवाज आला, की विभागप्रमुखांनी दारातून डोकावून बघितलं. "दोन डिग्र्या घेतल्या पोट्ट्यानं," दादासाहेब डोळे पुसत म्हणाले, "आन् बोलिव्हियात जाऊन हे केलं! तुह्या मायले सांगतो मी आज फोनवर."

प्रणयही हसला. त्याला वाटलं, संपलं. त्यानं ड्रॉवर लोटायला हात पुढे केला, पण दादासाहेबांची नजर तोवर शेजारच्या उघड्या ड्रॉवरवर गेली होती.

"हा कोन?"

त्यात एक भलाथोरला हिरवा नर होता. डोक्यावरून मागे वळलेलं लांब, काळं, तलवारीसारखं शिंग.

"हा हॅदर्ली," ताई म्हणाल्या.

"पाह्य बरं शिंग त्याचं! मंग माह्यावाल्याले काहून नाही?"

प्रणयनं भावनाताईंकडे बघितलं. भावनाताईंनी प्रणयकडे बघितलं. त्याला पुरेसा वेळ दिला.

"काका, यांची आई शेणाचा गोळा करून जमिनीत पुरते," ताई म्हणाल्या. "एका गोळ्यात एक अंडं. पिल्लू आतूनच तो गोळा खात वाढतं, बाहेरचं काही मिळत नाही. गोळा मोठा असला, तर असा दांडगा नर होतो, शिंगवाला. गोळा लहान असला, तर तेवढ्यातच भागवायचं. अंग लहान राहतं आणि शिंगाला काही उरत नाही."

"म्हंजे याले कमी भेटलं."

"कमी मिळालं."

"त्या वर्षी दुष्काळ होता तिथं," प्रणय पुटपुटला. "आणि माझ्याकडे तीनच होते, बाबा."

ताईंनी तिसरा ड्रॉवर उघडला. दोनशे चौदा नर लहानापासून मोठ्यापर्यंत रांगांत लावलेले. पहिल्याच्या डोक्यावर काही नाही. विसाव्याच्या डोक्यावर मोहरीएवढा उंचवटा. साठाव्याला गव्हाच्या टोकाएवढं. पुढे केसाकेसानं वाढत शेवटच्या रांगेत तलवारी.

"हे एक आणि ते दुसरं, अशी रेघ कुठं मारायची ते सांगा, काका. मला दोन वर्षांत जागा सापडली नाही."

दादासाहेबांनी काचेवरून बोट फिरवलं. सावकाश, एकेका किड्यावर थांबत. पहिल्या रांगेच्या शेवटी म्हणाले, "आमी पाच भाऊ. मायपाशी भाकर एक. म्या बी पाच फूट एक इंचच हाय." मग शेवटच्या तलवारीपर्यंत बोट नेलं, आणि तिथून परत पहिल्यापाशी आणलं.

"सारे एकच हायेत?"

"एकच."

"मंग याले वेगळा कोनं काढला?"

प्रणयला खोकला आला.

"मी काढला, बाबा. पण तुम्ही हे पण ऐका! दोन्ही एकच ठरले, की जुनं नाव राहतं, असा नियम आहे. जुनं नाव हॅदर्ली. त्यानं हा किडा आयुष्यात बघितला नव्हता. रबरासाठी जंगलात माणसं मरेपर्यंत राबवली आणि घरी बसून पैसे घेतले. त्याच्या पैशावर जगणाऱ्या एका पाद्र्यानं एकोणिसाव्या शतकात हे नाव ठेवलं. किड्यांच्या सगळ्या यादीत आपल्या माणसाचं एक नाव आहे, तेही घालवायचं?"

"जात नाही नाव," ताई म्हणाल्या. "छापलेलं नाव कायम यादीत राहतं. हॅदर्लीच्या खाली, बारीक अक्षरात."

"खाली?" दादासाहेबांनी विचारलं.

"खाली, काका."

ताईंच्याही तोंडात ते कडूच लागलं असावं, कारण त्यांनी उगाचच एक लेबल सरळ केलं. मग कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर पेन.

"मी हॅदर्लीची कोणी लागत नाही," त्या म्हणाल्या. "तोही मला आवडत नाही. पण हे वेगळे आहेत असं मी लिहू शकत नाही. प्रणयनं सही केली, तर पेपर जाईल. नाही केली, तर हे ड्रॉवर बंद करीन, आणि लाल लेबल आहे तसं राहील. हे उसने दोनशे चौदा मला तसेच परत पाठवावे लागतील."

"बाबा, नाव तुमचं आहे," प्रणय म्हणाला. "मी तुमच्यासाठी ठेवलं होतं. तुम्ही सांगा. सही करू?"

दादासाहेब अजून पहिल्या रांगेकडेच बघत होते.

"बाबा?"

त्यांनी मफलर गळ्याशी घट्ट केला. कोटाची दोन्ही बटणं लावली, वरचं आधी, मग खालचं. भावनाताईंच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला.

"अहो बाबा, सांगा ना! करू की नको?"

दादासाहेब वळले आणि दारातून बाहेर पडले. लिफ्ट डावीकडे होती. ते उजवीकडे गेले, जिन्यानं, एकेक पायरी मोजत असल्यासारखे खाली.