टवका उडालेला ग्लास

माझ्या भाच्याला जुने काचेचे ग्लास जमवायचा नाद आहे. काल त्याने शोकेसमधले मधाच्या रंगाचे पाच ग्लास टेबलावर मांडले, स्वयंपाकघरातून त्यांचा सहावा जोडीदारही शोधून आणला आणि लगेच बाजूला सारला. "मावशी, याच्या कडेचा टवका उडालाय. हा कामाचा नाही."

मी तो हातात घेतला आणि कोकम सरबतातल्या भाजलेल्या जिऱ्याचा वास आला.

त्या दिवशी मध्यस्थ काका नकार सांगून गेले होते. सकाळी मला बघायला आलेल्या मंडळींना मुलगी सावळी वाटली. मी पडवीत बसले होते. मंडळींनी सरबत प्यायलेले ग्लास धुऊन पालथे घातले होते, पुन्हा शोकेसमध्ये ठेवायला. घरातलं कोणी त्यांना कधी ओठ लावत नसे. बोटीवरून सुट्टीला आलेले बाबा उठले, एक ग्लास सुलटा केला आणि काठोकाठ सरबत भरून माझ्यापुढे धरला.

आई म्हणाली, "अहो, पाहुण्यांचे आहेत ते!"

"पाहुणे गेले," बाबा म्हणाले. "पी गो बाय. आजपासून हा तुझा."

तेव्हा वाटलं, बाबा नुसती समजूत घालतायत. पण पुढे माझ्या लग्नात त्यांनी आठवणीने तोच ग्लास सोबत दिला. मी रोज त्यातूनच पाणी पीत आले. उरलेले पाच बाबांच्या मागे माझ्याकडे आले, अजून तसेच कोरे करकरीत.

भाच्याला म्हटलं, "ते पाच तू घेऊन जा. हा पाहुण्यांचा नाही."