थिजेना ते मार्मलेड

तिसरं पातेलंही पातळच निघालं. चमच्यातून मार्मलेड पाण्यासारखं गळत होतं.

मार्मलेड म्हणजे सालीसकट शिजवलेला संत्र्याचा मुरंबा. साहेबलोक सकाळी टोस्टवर लावत. इंग्रजांचं राज्य होतं, आणि मी नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यावर खानसामा, म्हणजे स्वयंपाकी होतो.

मेमसाहेबनं चमचा पाहिला. "खानसामा, ये मार्मलेड है या शरबत? कल मेहमान के सामने यही आया तो क्वार्टर खाली करो."

क्वार्टर म्हणजे बंगल्यामागची खोली. तिथं माझी बायको मैना आठव्या महिन्यात होती. तिला घेऊन कुठं जाणार?

मेमसाहेबचं स्वयंपाकाचं बुक विलायतेचं. त्यातली संत्री कडू, जाड सालीची. तिथं साल नि बियाच पाक थिजवतात. आपलं संत्रं गोड, साल सुटी. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी नुसता साखर वाढवत गेलो, जाळ वाढवत गेलो.

दुपारी सदर बाजारातल्या पावभट्टीवर धावलो. भट्टीवाला मिंगेल गोव्याचा. ऐकून हसलाच.

"अरे, मार्मलेड मुळात संत्र्याचं नव्हेच. शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्याकडं मार्मेलो म्हणून फळ असतं. आंबट, तुरट, दगडासारखं. शिजवलं की आपोआप वडी. इंग्रजानं नाव उचललं नि संत्र्याला लावलं."

"मंग ते फळ कुठं भेटते?"

"इथं? जहाज धाड."

तोंड पाडून घरी आलो. मैनाला सांगितलं.

"आंबट, तुरट, दगडासारखं? मंग कवठ काय वाईट हाये जी? त्याच्या पाण्यात गूळ शिजवला की कसं थिजते! मले काहून नाही विचारलं?"

"तुले मार्मलेडातलं काय समजते वं?"

"तुमाले तरी कुठं समजून राहिलं!"

दोन कवठं फोडली. गर उकळला, फडक्यातून पाणी गाळलं, उरलेल्या संत्र्यांत घातलं. शिजल्यावर थंड बशीत थेंब टाकून बोटानं ढकलला. पाक झाला असला तर थेंबावर सुरकुती पडते. सुरकुती पडली.

सकाळी पाहुण्यानं दोनदा मार्मलेड घेतलं. लगेच मेमसाहेबची हाक. "इसमें क्या डाला?"

मी खरं सांगून टाकलं. "कवठ, मेमसाब."

तिनं बुक उघडलं, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. "अगले हफ्ते दस बोतल बनाना."

आमची थोरली लेक त्याच क्वार्टरात जन्मली.

आता म्हातारा झालो; मैनाला जाऊन चार महिने झाले. नव्या स्वयंपाक्यांना मी एवढंच सांगतो. पातेलं बिघडलं तर आधी घरात विचारा, गावभर नंतर हिंडा. मी उलटं केलं. तीन पातेली गाईला घातली.