कॉलरींची पेज

सिसली बारनाबी कपड्यांना खळ घालत असली की शेजारी कुणी बडबडलेलं तिला चालत नसे. लंडनच्या बड्या घरांतल्या चुणीदार कॉलरींवर तिचा हात बसला होता. गव्हाचा चीक वाळवून केलेली पांढरी पूड ती पाण्यात शिजवी, कापड त्यात बुडवी आणि तापल्या सळईने एकेक चुणी उभी करी. तिची कॉलर गळ्यात असली की माणसाची हनुवटी वरच राही.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या नव्या इंग्रज वसाहतीत ती आली ती याच कामासाठी. एव्हरार्ड लाइल या खानदानी गृहस्थांनी तिला, तिच्या नवऱ्याला, म्हणजे ह्यू सुताराला, आणि खळीच्या पुडीचं एक पिंप असं सगळं बरोबर आणलं होतं. कुऱ्हाडी मात्र कमी आणल्या होत्या.

तिसऱ्या हिवाळ्यात धान्य संपलं. वसाहतीच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की जंगलातून तिथल्या मूळ रहिवाशांचे बाण येत. त्या लोकांची मक्याची शेतं आपल्याच माणसांनी जाळली होती, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार? घोडे खाऊन झाले, कुत्री झाली, बुटांचं कातडं झालं. ह्यूचे पाय सुजले आणि तो अंथरुणातून उठेनासा झाला.

तरी दर शनिवारी लाइलसाहेब कॉलर घेऊन येत. “सिसली, रविवारी देवळात माणसासारखं दिसायला हवं. तेवढंही सुटलं की आपण संपलो.”

कोठारात चोरी करणाऱ्याला गावाने फासावर दिलं होतं. खळ धान्यात मोडते का, हे कोणाला विचारायची सोय नव्हती. सिसली साहेबांची खळ पातळ करू लागली आणि वाचलेल्या पुडीची पेज ह्यूला पाजू लागली.

“मीठ नाही का गं?”

“मीठ हवं तर नदीचं खारट पाणी पी.”

तो हसला. हसतोय म्हणजे जगेल, असं ती धरून चालली.

शेजारची विधवा उर्सुला दारात येऊन वास घेई. “काय शिजतंय?”

“साहेबांची कॉलर.”

“मग मला एक बाही वाढ हो!”

सिसलीने तिला कधी वाढलं नाही. दोघांना पुरेल एवढी ती पेज नव्हतीच.

पिंपाचा तळ लागला, त्या रविवारी साहेबांची कॉलर भर प्रार्थनेत खांद्यांवर ढासळली. दुपारी ते एक पेटी घेऊन आले.

“कधीपासून देतेस त्याला?”

“नाताळापासून. काय ती शिक्षा करा साहेब, पण तो उठेपर्यंत थांबा.”

साहेबांनी पेटी उघडली. आत लंडनच्या जुन्या कॉलरी होत्या, फळीसारख्या ताठ. “उकळल्या तर खळ सुटेल ना?”

“सुटेल.”

“मग उकळ. तिघांत वाटून घेऊ. एक सोड. ती मला रविवारी लागेल.”

एकेक कॉलर भांड्यात गेली. गढूळ, चिकट पाणी निघे. मऊ पडलेलं कापड दोरीवर वाळत राही. पेटी रिकामी झाली, त्यानंतरच्या रविवारी प्रार्थना संपून सगळे उठले. साहेब उठले नाहीत. हनुवटी कॉलरीवर टेकलेली होती. कधी गेले, कोणालाच कळलं नाही.

प्रेताला अंघोळ घालायचं काम सिसलीकडे आलं. पाद्री म्हणाले, “कॉलर राहू दे, बाई. त्यांची आवडती.”

घरी ह्यूच्या पोटात कालपासून काही नव्हतं.

“मळलीय,” ती म्हणाली. “धुऊन घालते.”

“आज पेज दाट आहे,” ह्यू म्हणाला. तिने भांड्यातून कॉलर काढून पिळली. ओली कॉलर घेऊन ती परत गेली आणि साहेबांच्या गळ्यात घातली. खड्ड्यापर्यंत नेईतो थंडीने ती गोठून ताठ उभी राहिली.

“खळ छान बसलीय गं आज,” उर्सुला तिच्या कानाशी पुटपुटली.

मे महिन्यात जहाज दिसलं, तेव्हा ह्यू काठी टेकत नदीपर्यंत चालत गेला. सिसली गेली नाही. आदल्या दिवशी उर्सुला वारली होती, आणि साहेबांच्या कॉलरी उसवून, जोडून सिसली तिचं कफन शिवत होती. कफनाला बाह्या नसतात. तिने लावल्या.