फाकलेला सांधा

सांध्याचं दुखणं एका भेटीत जात नाही. पेशंट पुन्हा पुन्हा येतो, व्यायाम करता करता घरचं बोलतो, आणि आम्हा फिजिओथेरपीवाल्यांकडं किस्से साचत जातात. शिरूरला माझं छोटं क्लिनिक आहे, अधूनमधून दौंडलाही बसते. बरेचसे किस्से चहाबरोबर सांगण्यासारखे असतात. बाळंतपणात सांधा फाकलेल्या बायकांचे तसे नसतात.

*

खुटबावची सारिका दौंडला आली ती नवऱ्याच्या आधारानं. नुकतीच बाळंत झालेली, पाय उचलत नव्हता, कूस बदलता येत नव्हती. बरोबर सासू, शांताबाई. म्हणाल्या, "पैलं बाळंतपण हाय, मॅडम. दुखायचंच."

एक्स-रे काढून आणायला लावला. कमरेची हाडं ओटीपोटाखाली जिथं पुढं जुळतात, तो सांधा बाळंतपणात थोडा सैल होतोच. हिचा चांगलाच फाकला होता. मी फिल्म उजेडात धरून फट दाखवली, तशी सारिका रडायला लागली.

"घाबरू नकोस. बहुतेक जणींचं ऑपरेशनशिवाय जुळतं."

"त्याच्यासाठी न्हाई," ती म्हणाली. "घरात समदे म्हनत व्हते, नाटक करती."

शांताबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

*

तिला चालायला वॉकर आणि बांधायला पट्टा दिला. पुढच्या खेपेला बघते तर तो पोटावर बांधलेला.

"बाळंतिनीचं पोटच आवळत्यात की," शांताबाई म्हणाल्या.

"मावशी, पोट नाही, हाडं आवळायचीत."

त्यांनी पट्टा सोडला. माझ्याकडून खुब्यांवरची नेमकी जागा समजून घेतली आणि स्वतःच्या हातानं घट्ट बांधला. सारिका वॉकर धरून उभी राहिली. जरा वेळानं म्हणाली, "आता पाय माझा वाटतोय."

*

तिचा नवरा गणेश कंपनीत कामाला. तिचे गुडघे जुळवून सगळं अंग एकदम कसं वळवायचं, ते मी त्याला शिकवलं होतं. एका दुपारी त्याचा फोन आला.

"मॅडम, सारिका झोपलीया. कुशीवर वळवायला उठवू का?"

"अहो, झोपू द्या. किती दिवसांनी झोपली असेल."

"व्हय," तो म्हणाला. "तेच बघत बसलोय."

*

शिरूरची रूथ शाळेत शिकवते. तिचंही हेच दुखणं. रविवारी चर्चमध्ये गीत म्हणायला सगळे उभे राहिले, ही बसलेली. मागच्या बाईंनी खांद्याला हात लावून उठायची खूण केली. रूथ वॉकर धरून उठायला लागली, ते पाळकांनी समोरून पाहिलं.

"आज आपण सगळेच बसून गाऊ या," ते म्हणाले.

मला सांगताना रूथ म्हणाली, "सगळे गायले. मला मात्र एक ओळही म्हणता आली नाही."

*

सारिकाला बरं व्हायला काही महिने लागले. शेवटच्या दिवशी ती वॉकर न घेता, पट्टा न बांधता चालत आली. तपासून झाल्यावर शांताबाईंनी तिला बाळाला घेऊन गाडीत बसायला पाठवलं. स्वतः थांबल्या, दार लोटलं आणि तपासायच्या टेबलावर आडव्या झाल्या.

"काय झालं, मावशी?"

"माझं बी बघा. गनेशच्या टायमापासून दुखतंय."

"इतकी वर्षं? कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं व्हतं की," त्या म्हणाल्या. "सासूला."