गळतोफेचा दुसरा खेळाडू

"खेळून बघितली का?" पुण्याहून साहेबांनी फोनवर विचारलं.

"चाळीस डाव, सर."

"कुणाबरोबर?"

मी मीटरवरचे आकडे बघू लागलो. एसटीडी बूथवाला माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

नोकरी सुटल्यावर मी आष्टीजवळच्या आमच्या गावी परतलो होतो. डिप्लोमा मेकॅनिकलचा, काम मात्र अजब. साहेबांची कंपनी टेबलावर खेळायचा युद्धाचा खेळ काढत होती. षटकोनी घरांचा नकाशा, त्यावर बोटाएवढे रोबो. खेळात ते ताडमाड उंच समजायचे. त्यांची नवी, प्रायोगिक हत्यारं मी डिझाइन करून पोस्टाने पाठवायचो. वजन किती, मारा किती घरं, इंजिन किती तापणार, सगळं एका कार्डावर. गावात याला कोणी काम म्हणत नसे.

गळतोफ माझी लाडकी. दोराला बांधलेला गळ मारायचा, शत्रूला चार घरं जवळ ओढायचं आणि भाजून काढायचं.

"अहो, समोरचा खुशाल ओढला जातो," साहेब म्हणाले, "आणि पोचला की आधी ठोसा घालतो. पहिल्याच डावात तुमचा रोबो आडवा! गुढीपाडव्यापर्यंत दुरुस्त करा. नाहीतर तोफ रद्द, आणि पुढचं काम दुसऱ्याला."

हत्यार खेळून तपासणं म्हणजे प्लेटेस्ट. त्याला दोन डोकी लागतात. माझं दुसरं डोकं म्हणजे बालमित्र दगडू. दिवाळी झाली की तो बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. निम्मं गावच जायचं. मग मी या बाजूने खेळायचो आणि उठून त्या बाजूला जायचो. पण तिकडे बसलो तरी गळाची भीती मलाच वाटायची, म्हणून माझा शत्रू कायम पळायचा. त्या हिवाळ्यात फार एकटं वाटलं. एकदा जिंकल्यावर मी रिकाम्या खुर्चीला चिडवलंसुद्धा.

पाडव्याच्या चार दिवस आधी दगडू आला. बोचकं उतरवून थेट टेबलाशी.

"ओढ की बे. मला जवळच यायचंय."

मी ओढलं. त्याने ठोसा घातला.

"असंच होतंय बघ," मी म्हणालो.

"मग सोडायची सोय कावून न्हाई? आमी उसाच्या गाडीला दोर आवळतो, तवा सोडायची गाठ आदी बघतो. वझं कलंडलं तर झटकन सुटाया पायजे."

मी लगेच नियम लिहिला: ओढताना वाटेत कुठल्याही घरात दोर सोडता येईल. शत्रूला नकाशावरच्या दलदलीच्या घरात नेऊन सोडलं की त्याला ना पळता येतं, ना ठोसा घालता येतो. तीन दिवस आम्ही खेळलो. हरला की दगडू मला शिव्या द्यायचा. किती बरं वाटलं!

तोफ मंजूर झाली. साहेबांनी विचारलं, प्लेटेस्टर म्हणून कुणाचं नाव छापू? या वेळी सांगायला नाव होतं.

छापलेल्या खेळाचा खोका आला तेव्हा दिवाळी उलटली होती. दगडू माजलगावकडे उसाच्या फडात. पुस्तिकेत त्याचं नाव बघितलं, रोबो बाहेर काढले नाहीत.

तेव्हापासून नवी हत्यारं मी पाडवा ते दिवाळी एवढ्याच दिवसांत केली. उरलेले महिने नुसती कार्डांवरची वजनं तपासायची.